सरबताचं रक्त

लिलावाच्या शेडमध्ये पडदा लावला होता,
सर्जेकोटला, पौषातल्या एका शनिवारी.
खाली बर्फाचं पाणी, त्यावर शाळेच्या सतरंज्या,
आणि म्हाकुलांचा वास, जो कुठल्याच सतरंजीचं ऐकत नाही.
तिकीट तीस रुपये. आमच्या वाडीला फुकट,
कारण खून आमच्याच वाडीत केला होता त्यांनी
मागच्या वर्षी, अकरा दिवसांत,
नऊ माणसं, एक जीप आणि एक ड्रोन,
जो पहिल्याच सकाळी खोबरेकरांच्या माडात अडकला.

गोष्ट सांगायला नको, सगळ्यांना येते:
ट्रॉलरवाला नवरा, त्याची बायको,
मोजणीला आलेला सर्वेअर.
मध्यंतरापर्यंत ते दोघं भेटतात,
मध्यंतरानंतर नवरा खाडीत.

दिवे लागले. कोणी उठेना.
फटू तांडेल, जो रोज सुरमईचा भाव फोडतो, म्हणाला,
"मेललो माणूस श्वास घेता हा! दोनदा! मिया मोजलंय."
"रात अवसेची म्हणतत, आणि पाणी भांगाचा.
मढा जातला खय?"
द्वारका म्हणाली, "रक्ताक आगळ घेवचा व्हता.
सरबताक मुंगळे येतत.
बघलास मगे, गळ्यावर चढत हुते?"
जीप एकच, तीन नंबरांची.
हवालदाराचा शर्ट एस्टीतल्या बाबल्याचा,
खिशावर शाईचा डागसुद्धा तोच.
देऊलकर मॅडम, हिंदीच्या, आता निवृत्त,
चष्मा पुसत म्हणाल्या,
"त्या बाईला एक वाक्य तरी द्यायचं होतं.
सव्वा तास नुसती पदर पिळते."
मागून कोणीतरी, "तिका फाशी होऊक व्हयी होती."
"आणि त्याका?" द्वारकेने विचारलं.
त्याची शेवटी राजापूरला बदली झाली होती.

"आमच्याकडे असला काय होणा नाय,"
किसन मालंडकर म्हणाला,
तेव्हा शेड इतकी गप्प झाली
की बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर ऐकू आला.
तिघांनी एकदम खोकून घेतलं.

मला विचारलं, "साडी तुझीच मगे गो?"
माझीच. पोपटी, काठ मोरपंखी.
दोनशे रुपये भाडं देऊन नेली,
परत आली ती ओच्यावर सरबत घेऊन.
पडद्यावर ती रात्री सुरूच्या बनातून निघाली.
आतली बाई दर चार पावलांनी ठेचकाळत होती,
साडी मात्र सरळ चालली होती.
तिला माहीत होतं कुठे वाकायचं,
कुठे तुटक्या कुंपणाची तार आहे.

मी म्हटलं, "रंग बरा आलाय."

बोलले नाही ते हे:
दाराची कडी.
ती बाई मध्यरात्री कडी काढते आणि कडी करकरते,
आपल्याला भीती वाटावी म्हणून, वर संगीत.
असं नसतं.
जिला जायचं असतं
ती दुपारीच खोबरेल लावून ठेवते कडीला,
कापसाच्या बोळ्याने,
भात शिजत असताना.

येताना बॅटरी नवऱ्याच्या हातात.
तो बर्फावर कामाला, मुळात बोलणं कमी,
पिक्चरभर तोंडातून अक्षर नाही.
विहिरीपाशी थांबला,
माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभा राहिला,
चपलेतला खडा काढला.
"नवरो भारीच झोपता त्या पिक्चरात," म्हणाला.
"इतकी झोप कोणाक लागता?"

मी काही म्हटलं नाही.
खडा त्याने कुंपणापलीकडे टाकला.
पडलेला ऐकू आला.

घरी त्याने दार लावलं, कडी घातली.
मग काढली, पुन्हा घातली,
बर्फाच्या खोलीची रोज तपासतो तशी,
आणि बोटं लुंगीला पुसली.

"चाराक उठय," म्हणाला.